जीमॅट कधी द्यायची: तारीख ठरवण्याची उलट मोजणी

एमबीएचा विचार पक्का झाला की पहिला प्रश्न पडतो, जीमॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा कधी द्यायची? आणि त्याचं बहुतेकांचं उत्तर असतं, "तयारी झाली की." हे उत्तर ऐकायला समंजस वाटतं, पण त्यानेच सगळ्यात जास्त घोळ होतो. तयारी "झाली" असं कधीच वाटत नाही. मग तारीख पुढे सरकत राहते, निबंध आणि शिफारसपत्रं शेवटच्या पंधरवड्यात कशीबशी उरकली जातात, आणि स्कोअर कमी आला तर पुन्हा परीक्षा द्यायला वेळच उरत नाही. दुसरीकडे काही जण स्वतःवर दडपण यावं म्हणून आधी तारीख घेतात आणि नंतर ती बदलण्यासाठी पैसे भरतात.

तारीख दोन बाजूंनी ठरते. एका बाजूला अर्जाची अंतिम मुदत असते, तिथून मागे मोजत यायचं. दुसऱ्या बाजूला तुमचा आजचा स्कोअर असतो, तिथून पुढे मोजत जायचं. या दोन मोजण्या जिथे जुळतात ती तुमची तारीख. जुळतच नसतील तर अर्जाचा राउंड, म्हणजे अर्ज घेण्याचा टप्पा, बदलायचा, झोप कमी करायची नाही. खालची सगळी आकडेमोड जीमॅट धरून केली आहे. जीमॅटऐवजी देता येणाऱ्या जीआरई या परीक्षेचं वेगळेपण जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगितलं आहे.

पायरी १: आधी परीक्षेचे नियम तारखांच्या नजरेने वाचा

सध्याची जीमॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. क्वांटचे (गणित) २१, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्क) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते-आलेखांतली माहिती) २० असे एकूण ६४ प्रश्न असतात. प्रत्येक विभागाला ४५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास, आणि हवी असेल तर १० मिनिटांची सुट्टी. एकूण स्कोअर २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतो.

तारीख ठरवताना यातले चार नियम कामाचे आहेत.

स्कोअर ५ वर्षं ग्राह्य असतो. एकदा परीक्षा दिली की पुढच्या प्रयत्नाआधी किमान १६ दिवस थांबावं लागतं. कोणत्याही १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ प्रयत्न करता येतात, आणि त्यात केंद्रावरची व घरून दिलेली ऑनलाइन परीक्षा दोन्ही मोजल्या जातात. तारीख बदलायची तर परीक्षेच्या २४ तास आधीपर्यंत बदलता येते, पण परीक्षा जितकी जवळ तितकं शुल्क जास्त. शुल्काचे तीन टप्पे आहेत: ६० दिवसांहून अधिक बाकी असताना सगळ्यात कमी, १५ ते ६० दिवसांत मधलं, आणि शेवटच्या १४ दिवसांत सगळ्यात जास्त. म्हणून "परीक्षा देऊ की पुढे ढकलू" हा निर्णय परीक्षेआधीच्या सोळाव्या दिवसापर्यंत घेऊन टाकायचा. पुढची सगळी आखणी त्या हिशेबाने आहे.

जीआरईचा स्कोअरही ५ वर्षं चालतो आणि वर्षात प्रयत्नही ५ च मिळतात, मात्र दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर लागतं. जीआरईचा अधिकृत निकाल यायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. जीमॅटचा बहुतेक वेळा ३ ते ५ दिवसांत येतो. मुदतीच्या तोंडावर या फरकालाही किंमत असते.

पायरी २: कोणत्या राउंडसाठी अर्ज करायचा ते लिहून काढा

अमेरिकेतल्या बहुतेक दोन वर्षांच्या एमबीए अभ्यासक्रमांचे अर्ज टप्प्यांनी घेतले जातात. पहिल्या राउंडची मुदत सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसऱ्याची जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि तिसऱ्याची मार्च-एप्रिलच्या सुमारास असते. युरोपातल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचं वेळापत्रक वेगळं असतं. इन्सियाद या युरोपातल्या बिझनेस स्कूलमध्ये वर्षातून दोनदा प्रवेश होतात आणि प्रत्येक प्रवेशासाठी स्वतंत्र राउंड असतात. म्हणून "अमुक महिन्यात परीक्षा दिली की चालतं" अशा ऐकीव सल्ल्यावर विसंबू नका. तुमच्या यादीतल्या चार-पाच संस्थांच्या मुदती त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सगळ्यात आधी येणारी मुदत हीच तुमच्या मोजणीची सुरुवात.

पहिला की दुसरा राउंड, यावर फार खल होतो. आमचं मत स्पष्ट आहे: चांगला स्कोअर आणि नीट लिहिलेले निबंध घेऊन दुसऱ्या राउंडला जाणं हे अर्धवट अर्ज घेऊन पहिल्या राउंडला जाण्यापेक्षा केव्हाही बरं. तिसऱ्या राउंडचं मात्र तसं नाही. तोपर्यंत बऱ्याच जागा भरलेल्या असतात, शिष्यवृत्तीचा निधी आटलेला असतो, आणि परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी हातात मोजके आठवडे उरतात. परीक्षा लांबल्यामुळे तिसऱ्या राउंडवर यायची वेळ आली, तर एक वर्ष थांबण्याचाही गंभीरपणे विचार करा.

याच पायरीवर प्रत्येक संस्थेची आणखी एक गोष्ट तपासा: मुदतीपर्यंत परीक्षा देऊन स्वतः स्कोअर भरला तरी चालतं, की अधिकृत निकाल तोवर पोहोचलेला असावा लागतो? अनेक ठिकाणी पहिलं चालतं, पण सगळीकडे नाही.

पायरी ३: अभ्यासाला हात लावण्याआधी एक पूर्ण मॉक द्या

जीमॅटच्या अधिकृत सहा सराव परीक्षा उपलब्ध आहेत, त्यातल्या पहिल्या दोन विनामूल्य. पहिली आत्ताच द्या. सूत्रं पाठ करून नाही, दोन आठवडे उजळणी करून नाही, आहात तसे बसा. प्रश्नांचे प्रकार कळावेत म्हणून एखादा तास नमुना प्रश्न पाहिले तरी पुरे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, तिन्ही विभाग सलग सोडवा, १० मिनिटांची सुट्टी वेळ लावून घ्या. मधेच उठून दिलेल्या मॉकचा स्कोअर आखणीच्या उपयोगाचा नसतो.

"कमी आला तर मन खचेल" म्हणून अनेक जण ही मॉक महिनोन्‌महिने टाळतात. पण तो स्कोअर म्हणजे आखणीचा पहिला आकडा. तो नसेल तर पुढची प्रत्येक तारीख हवेत असते.

जीमॅट की जीआरई हा प्रश्नही इथेच संपवा. जीआरईच्याही दोन अधिकृत सराव परीक्षा विनामूल्य मिळतात, त्यातली एक देऊन पाहा. सध्याच्या जीमॅटमध्ये भूमिती नाही, निबंध नाही, आणि क्वांटमध्ये कॅल्क्युलेटरही नाही, तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो. जीआरईमध्ये भूमिती आहे, एक निबंध आहे, क्वांटला स्क्रीनवर कॅल्क्युलेटर आहे, आणि शब्दसंग्रहाची थेट परीक्षा आहे. तारखेच्या दृष्टीने यातला शब्दसंग्रह महत्त्वाचा. तो आठवड्याला तास वाढवून भरून निघत नाही. रोज थोडे शब्द, पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने करावे लागतात. इंग्रजी वाचनाची सवय नसेल आणि मुदत तीन महिन्यांवर असेल, तर जीआरई सोपी पडेल या आशेवर जाऊ नका.

पायरी ४: अंतर तासांत बदला

लक्ष्य ठरवताना तुमच्या यादीतल्या संस्थांच्या गेल्या वर्षीच्या वर्गाचा सरासरी किंवा मध्यक स्कोअर पाहा. इथे एक सापळा आहे. जुन्या जीमॅटची पट्टी २०० ते ८०० होती, आणि ती परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. जुने स्कोअर अजून ग्राह्य असल्याने काही संस्था दोन्ही आकडे छापतात. जुन्या पट्टीवरचा ७०० आणि आताचा ६४५ साधारण एकाच पर्सेंटाइलला येतात. हे न कळल्यामुळे ६५५ आलेला विद्यार्थी "सातशे गाठले नाहीत" म्हणून पुन्हा परीक्षेला बसतो आणि निबंधांचे दोन महिने घालवतो. तुलना करायची ती पर्सेंटाइलची.

आता मॉकचा स्कोअर आणि लक्ष्य यांतलं अंतर काढा. आखणीपुरता अंदाज असा धरा: दर १० गुणांच्या वाढीला १५ ते २० तासांचा एकाग्र अभ्यास. लक्ष्य उंच असेल तर वरचा आकडा घ्या, कारण ५५५ वरून ६०५ ला जायला जितके तास लागतात त्याहून बरेच जास्त ६५५ वरून ७०५ ला जायला लागतात.

आठवड्याचे तास मात्र प्रामाणिकपणे मोजा. नोकरी सांभाळून चार दिवस दीड-दीड तास म्हणजे ६, आणि शनिवार-रविवार अडीच-अडीच म्हणजे ५. एकूण ११ तास. कागदावर वीस तास लिहिणारे बरेच असतात, पण तो वेग तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. शंका असेल तर दोन आठवडे प्रत्यक्ष अभ्यास करून तास नोंदवा आणि तोच आकडा धरा.

पायरी ५: उलट मोजणी, एका उदाहरणासह

समजा, सगळ्यात आधीची मुदत १० सप्टेंबर आहे. पहिली मॉक ५४५, लक्ष्य ६५५, अंतर ११० गुणांचं.

मुदतीपासून मागे या. निबंध, रेझ्युमे, शिफारसपत्रं आणि संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलणं, याला किमान ८ आठवडे राखून ठेवा. म्हणजे १५ जुलैनंतर डोक्यात परीक्षा नको. दुसऱ्या प्रयत्नाची तारीख ५ जुलैच्या आसपास. पहिला प्रयत्न त्याच्या पाच आठवडे आधी, ३१ मेच्या सुमारास. नियमाने १६ दिवस पुरतात, पण तेवढ्यात चुका शोधून त्या दुरुस्त होत नाहीत, शिवाय हवा तो स्लॉट मिळेलच असंही नाही.

आता आजपासून पुढे. ११० गुणांसाठी सुमारे १८० तास धरले. आठवड्याला ११ तास म्हणजे साडेसोळा आठवडे. आजारपण, ऑफिसची धावपळ, घरातलं कार्य यांसाठी दीड आठवडा मोकळा सोडला की १८ आठवडे. ३१ मेच्या १८ आठवडे आधी म्हणजे २५ जानेवारी. थोडक्यात, पहिल्या राउंडसाठी पहिली मॉक जानेवारीच्या मध्यावर आणि अभ्यास त्याच महिन्याच्या शेवटी सुरू व्हायला हवा.

हाच विद्यार्थी एप्रिलच्या शेवटी जागा झाला तर? ३१ मेपर्यंत त्याच्याकडे पाच आठवडे, म्हणजे ५५ तास आहेत. १८० तासांचं काम ५५ मध्ये होणार नाही. पण २५ एप्रिलला सुरुवात करून १८ आठवडे धरले तर पहिला प्रयत्न ऑगस्टच्या शेवटी, दुसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि जानेवारीच्या दुसऱ्या राउंडसाठी निबंधांना जवळपास तीन महिने. सगळं सुरळीत बसतं. मोजणी जुळत नाही तेव्हा राउंड बदलायचा म्हणतात तो असा.

दुसऱ्या राउंडवाल्यांना एक विशेष सूचना. शेवटचा प्रयत्न ऑक्टोबर संपायच्या आत उरका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये परीक्षेसाठी गर्दी असते, शिफारसपत्र देणारे वरिष्ठ वर्षाखेरच्या कामात किंवा सुट्टीवर असतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्कोअर घसरला तर सावरायला जागा नसते.

पायरी ६: नोकरीचं कॅलेंडर समोर ठेवून स्लॉट घ्या

मोजणीतून आठवडा मिळाला, आता नेमका दिवस. तिमाही किंवा वर्षाचे हिशेब बंद होण्याचा काळ, मोठ्या प्रकल्पाची अंमलबजावणी, सलग प्रवास, नव्या नोकरीचे पहिले तीन महिने, या काळात शेवटचे सहा आठवडे येऊ देऊ नका. सुरुवातीचे आठवडे आले तरी चालेल. बेसिक गणित विमानतळावर बसूनही होतं, पूर्ण मॉक नाही.

दिवसातली वेळही विचारपूर्वक घ्या. सकाळी नऊला डोकं चालत नसेल तर स्वस्थपणे दुपारचा स्लॉट घ्या आणि शेवटच्या तिन्ही मॉक त्याच वेळेला द्या.

आणि बुकिंगच्या आधी पासपोर्ट काढून बघा. परीक्षेच्या दिवशी तो वैध असायला हवा, आणि त्यावरचं नाव व तुमच्या खात्यातलं नाव अक्षरशः जुळायला हवं. आडनाव-नावाची अदलाबदल किंवा स्पेलिंगमधला एक फरक, एवढ्यावर केंद्राच्या दारातून परत पाठवतात, आणि शुल्क बुडतं ते वेगळंच. नूतनीकरण करायचं असेल तर तो वेळ मोजणीत धरा.

बुकिंग केव्हा करायचं? अभ्यासाचा साधारण एक तृतीयांश भाग झाल्यावर, म्हणजे वरच्या उदाहरणात मार्चच्या सुरुवातीला. तोवर आठवड्याचे खरे तास कळलेले असतात, आणि परीक्षा ६० दिवसांहून लांब असल्याने बदल करावा लागला तरी कमी शुल्कात होतो.

पायरी ७: मॉक जपून वापरा आणि सोळाव्या दिवसाआधी निर्णय घ्या

अधिकृत सहा मॉकची वाटणी आधीच करा. एक सुरुवातीला दिलीच आहे. तीन पहिल्या प्रयत्नाआधी: साधारण ६, ४ आणि अडीच आठवडे राहिले असताना. उरलेल्या दोन दुसऱ्या प्रयत्नासाठी कुलूपबंद. मधल्या काळात सरावाला इतर कंपन्यांच्या मॉक वापरा. त्यांचा स्कोअर गांभीर्याने घेऊ नका, त्यातल्या चुका घ्या. दर रविवारी अधिकृत मॉक देण्याची सवय वाईट. दोन महिन्यांत सगळ्या संपतात, परत दिल्या तर ओळखीचे प्रश्न येतात आणि स्कोअर फुगतो. परीक्षेत तो फुगवटा उतरतो तेव्हा "मॉकमध्ये तर ६७५ होते" असं म्हणायची वेळ येते.

तिसऱ्या मॉकनंतर हिशेब करा. तयारी तीच असली तरी दोन मॉकमध्ये ३०-४० गुण मागेपुढे होतात, म्हणून एकट्या शेवटच्या मॉकवरून ठरवू नका, तिन्हींची सरासरी पाहा.

लक्ष्य ६५५ असताना सरासरी ६४५ किंवा वर असेल तर ठरल्या दिवशी परीक्षा द्या. सरासरी ६१५ ते ६४५ च्या मधे असेल आणि दुसऱ्या प्रयत्नाला जागा राखलेली असेल, तरीही द्या. केंद्राचं वातावरण, ताण, वेळेचं भान याचा अनुभव फक्त खऱ्या परीक्षेत मिळतो, आणि तुम्ही पाठवाल तोच स्कोअर संस्थेकडे जातो. सरासरी ६१५ च्या खाली असेल, किंवा एखादा विभाग बाकी दोन्हींच्या मानाने खूपच मागे असेल, तर तारीख तीन-चार आठवडे पुढे घ्या. पण एकदाच. दुसऱ्यांदा ढकलायची वेळ आली तर अडचण तारखेची नाही, अभ्यासाच्या पद्धतीची किंवा लक्ष्याची आहे.

पायरी ८: निकालानंतर पुन्हा द्यायची का?

पहिल्या प्रयत्नाचा स्कोअर मॉकच्या सरासरीपेक्षा ३० किंवा जास्त गुणांनी खाली आला, तर पुन्हा द्या. क्षमता आहे, त्या दिवशी ती उतरली नाही. वेळ कुठल्या विभागात संपला, शेवटचे किती प्रश्न अंदाजाने ठोकले, हे त्याच संध्याकाळी लिहून काढा. दोन दिवसांनी तपशील आठवत नाहीत. प्रत्येक विभागात फक्त तीनच उत्तरं मागे जाऊन बदलता येतात. ती सोय वापरण्याच्या नादात बऱ्याच जणांचे शेवटचे चार-पाच प्रश्न घाईत जातात, तेही तपासा.

स्कोअर मॉकच्या सरासरीइतकाच आला आणि लक्ष्याहून बराच कमी आहे, तर गोष्ट वेगळी. पाच आठवडे तेच प्रश्न आणखी वेगाने सोडवून वाढ होणार नाही. सरावातल्या चुका नोंदवलेली वही उघडा आणि चुका संकल्पनेच्या, वाचण्यातल्या की वेळेच्या, असे गट पाडा. सर्वांत मोठ्या गटावरच दुसऱ्या प्रयत्नापर्यंतचे सगळे तास घाला. वहीच नसेल तर आधी दोन आठवडे ती तयार करण्यात घालवा, मग तारीख घ्या.

स्कोअर लक्ष्याच्या १०-२० गुण खाली असेल, तर आमच्या मते थांबावं. तेवढ्या फरकाने अर्जाचं पारडं क्वचितच फिरतं, पण त्यासाठी घातलेले दीड महिने निबंधांतून वजा होतात ते नक्की दिसतं. शिष्यवृत्तीसाठी ठरावीक उंबरठा आहे असं संस्थेने स्पष्ट सांगितलं असेल, तर हा अपवाद.

विद्यार्थी आणि अनुभवी अर्जदार यांच्यासाठी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षात असाल तर मोजणी बदलते. हार्वर्डच्या २+२ सारख्या अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षात अर्ज करून, काही वर्षं नोकरी केल्यावर प्रवेश घेता येतो, आणि अशा अर्जांची मुदत बहुधा वसंत ऋतूत, एप्रिलच्या सुमारास असते. शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या सुट्टीत पहिला प्रयत्न आणि सत्र परीक्षांनंतर दुसरा, ही मांडणी चांगली बसते. असा अर्ज करायचा नसेल तरी गणिताची आणि अभ्यासाला बसण्याची सवय ताजी असताना परीक्षा देऊन ठेवण्यात फायदा आहे. फक्त ५ वर्षांचा हिशेब नीट करा. २१ व्या वर्षी दिलेला स्कोअर २५ व्या वर्षीच्या अर्जाला चालतो, २७ व्या वर्षीच्या नाही. मुदत परीक्षेच्या तारखेपासून मोजली जाते, आणि काठावर असाल तर स्कोअर कोणत्या दिवशी वैध असावा लागतो हे संस्थेला ईमेलने विचारून घ्या.

दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेल्यांनी एक्झिक्युटिव्ह एमबीएसाठी जीमॅटऐवजी एक्झिक्युटिव्ह असेसमेंट चालते का ते पाहावं. ती दीड तासाची परीक्षा आहे, तयारीही कमी लागते, त्यामुळे मोजणी बरीच आखूड होते.

शेवटची तारीख सगळ्यात सहज विसरली जाते. अधिकृत स्कोअर हाती आल्यापासून ४८ तासांत पाच अभ्यासक्रमांना तो विनामूल्य पाठवता येतो, नंतर प्रत्येकासाठी वेगळे पैसे पडतात. परीक्षा झाल्यावर लगेच सहलीला जाणार असाल, तर निघण्याआधी पाच नावं लिहून ठेवा आणि ईमेलवर लक्ष असू द्या.